झाकणे आणि पुसणे : आवृत्तिनोंदीच्या संगणकप्रणालींची पाठचिकित्सेच्या दृष्टीने परीक्षा

१

वसईनजीकच्या सोपारे येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक खंड सापडला. पुढे १९५६ मध्ये त्याच परिसरातील भुईगाव येथे नवव्या लेखाचा खंड हाती आला. येथे चौदाही लेखांची मालिका कोरलेली असावी असा तर्क या दोन खंडांवरून करतात. मालिकेचा उर्वरित भाग मात्र नष्ट झाला आहे. तरीही त्या मोजक्या अक्षरांवरून हा लेख आठवा आणि हा नववा, असा निर्णय अभ्यासकांना करता आला, इतकेच नव्हे तर फुटलेल्या भागात काय लिहिलेले असावे हेही बऱ्याच अंशी सांगता आले. याचे कारण सोपाऱ्याच्या दगडात नाही. तोच मजकूर गिरनार, कालसी, शाहबाजगढी, मानसेहरा, येर्रागुडी, धौली आणि जौगड येथेही कोरलेला होता, हे त्याचे कारण होय.

एका ठिकाणचा विनाश दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीमुळे भरून निघतो, हे तत्त्व पाठचिकित्सेला नवे नाही. परंतु त्याला एक मर्यादाही आहे. या प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. पूर्वेकडील पाठांत 'र'च्या जागी 'ल' येतो. नवव्या लेखाचा शेवट काही ठिकाणी एक आहे तर काही ठिकाणी दुसराच. धौली आणि जौगड येथे अकरा ते तेरा हे लेख नाहीत, त्यांच्या जागी स्वतंत्र लेख आहेत. चौदाव्या लेखात तर मजकूर कोठे संक्षिप्त, कोठे मध्यम व कोठे विस्तृत आहे, आणि काही ठिकाणी लेखनिकाच्या दोषामुळे तो अपुरा राहिला आहे, अशी कबुलीच दिलेली आहे. म्हणून सोपाऱ्याचा लुप्त पाठ 'बऱ्याच अंशी' सांगता येतो, नि:शेष सांगता येत नाही. जे तेथील लेखनिकाचे स्वत:चे होते ते दगडाबरोबर गेले.

नष्ट झालेले परत मिळवता येणे ही गोष्ट कशावर अवलंबून असते, हा प्रश्न आज संगणकशास्त्रात एका विशिष्ट रूपाने उभा राहिला आहे. व्हर्जन कंट्रोल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रणाली मजकुराच्या प्रत्येक अवस्थेची नोंद ठेवतात. त्यांचे काम स्मरण ठेवण्याचे. परंतु त्यांच्याच आज्ञांपैकी काही आज्ञा विनाशक आहेत, म्हणजे ठेवलेली नोंद किंवा चालू असलेले काम त्या घालवू शकतात. अशा प्रत्येक आज्ञेचा परिणाम मागे घेता आला पाहिजे काय, आणि आला पाहिजे तर कोणत्या मार्गाने, हा वाद यंत्रज्ञांपुरता राहिलेला नाही. बोलींचे शब्दसंग्रह, हस्तलिखितांचे पाठ, मुलाखतींची लिप्यंतरे हे सर्व साहित्य आता याच साधनांत साठवले जाऊ लागले असल्याने भाषेच्या अभ्यासकानेही त्याची तपासणी करणे अगत्याचे आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. इंग्रजीतील 'अन्‌डू' या शब्दाला मराठी संगणकव्यवहारात 'पूर्ववत करणे' हा पर्याय रूढ झाला आहे. दोहोंचा रोख एक नाही. इंग्रजी शब्द क्रियेच्या विपर्ययाकडे पाहतो, मराठी शब्द परिणामाच्या अवस्थेकडे. बेंजामिन ली व्होर्फ यांनी १९३० च्या दशकात 'अन्‌' या उपसर्गाविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते. हा उपसर्ग कोणत्याही क्रियापदाला लागत नाही. झाकणे, वेढणे, गुंडाळणे, बांधणे, पृष्ठभागाला चिकटवणे अशा अर्थच्छटेच्या क्रियापदांनाच तो लागतो, आणि हा वर्ग भाषेने कोठेही उघडपणे चिन्हांकित केलेला नसतो. खुद्द 'अन्‌डू'चा जुना अर्थही गाठ सोडणे, बंद असलेले उघडणे असाच होता.

मराठीत असा सर्वसंचारी उपसर्ग नाही. तिच्याकडे स्वतंत्र जोड्या आहेत: बांधणे–सोडणे, गुंडाळणे–उलगडणे, शिवणे–उसवणे, झाकणे–उघडणे. परंतु वर्ग तोच. फाडणे, जाळणे, पुसणे यांना अशी जोडी नाही. फाडलेले कोणी शिवील, पण शिवणे हा फाडण्याचा विपर्यय नव्हे, शिवण राहतेच. पाटीवरचे अक्षर पुसल्यावर पुन्हा लिहिता येते, परंतु ते दुसरे अक्षर असते. तात्पर्य, भाषेनेच क्रियांचे दोन गट पाडले आहेत. एका गटात वस्तू टिकते व तिच्यापर्यंतची वाट तेवढी बंद होते. दुसऱ्या गटात वस्तूच संपते.

या भेदावरून एक निकष हाती येतो. विनाशक क्रिया मागे घेण्याजोगी करणे म्हणजे 'पुसणे' या क्रियेचे 'झाकणे' या क्रियेत रूपांतर करणे. जी प्रणाली हे रूपांतर पूर्णपणे साधते ती या बाबतीत निर्दोष. जी ते अर्धवट साधते आणि दोन्ही क्रियांना एकच नाव देते ती सदोष.

३

संगणकाकडे वळण्यापूर्वी हा निकष मराठीच्या ग्रंथपरंपरेला लावून पाहणे इष्ट ठरेल.

वसई, माहीम आणि साष्टी यांच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन असलेली महिकावतीची बखर वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. तिची सहा प्रकरणे एका हातची नाहीत. त्यांतला जुना गाभा केशवाचार्यांचा, शके १३७० म्हणजे इ. स. १४४८ चा, इतर भाग निराळ्या काळांत, निराळ्या कर्त्यांनी, काही गद्यात तर काही पद्यात जोडले. कोणी केव्हा काय जोडले याची सलग नोंद कोणी ठेवली नव्हती. यामुळे कर्त्यांची व काळांची विभागणी करण्याचे काम राजवाडे यांना प्रस्तावनेत करावे लागले. जोडणाऱ्यांनी जुने टाकून दिले नाही, म्हणून हे शक्य झाले. परंतु जोडण्याची क्रिया अनोंद राहिली, म्हणून ते कष्टसाध्य व काही अंशी विवाद्य झाले.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. अनेक प्रती पाहून त्यांनी अपपाठ काढले व पुढे कोणी आपली भर घालू नये असा इशाराही दिला. ग्रंथ स्थिर झाला, हे त्यांचे उपकार निर्विवाद आहेत. मात्र त्यांनी काय वगळले हे त्यांच्या प्रतीवरून कळत नाही. स्वीकृत पाठ राहिला, त्याज्य पाठ गेला. याच कारणाने राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची एक प्रत प्रसिद्ध केली तेव्हा तिचे एवढे महत्त्व वाटले, आणि तिच्याविषयी एवढा वादही माजला. एकनाथांना याचा दोष देणे अन्यायाचे होईल; पोथीच्या पानावर तळटीपेची सोय नव्हती आणि त्यांचा हेतू पारायणाचा शुद्ध ग्रंथ सिद्ध करण्याचा होता. परंतु निकषाच्या भाषेत ती क्रिया पुसण्याची आहे, झाकण्याची नाही.

महानुभावांनी दुसरा मार्ग चोखाळला. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी आपापल्या स्मरणातून तिची पुनर्रचना केली, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. या पुनर्रचनेत एकवाक्यतेचा आग्रह धरला गेला नाही. जेथे स्मरणे जुळली नाहीत तेथे 'वासना' या संज्ञेखाली दुसरा पाठ नोंदवला गेला, आणि काही ठिकाणी तो कोणाच्या स्मरणातला हेही सांगितले गेले. हिराइसेचा पाठ म्हणून ओळखला जाणारा पाठ त्याचेच उदाहरण आहे. मूळ संहितेच्या नाशानंतर उरलेल्या स्मरणांना समान मान देऊन भेद जिवंत ठेवण्याची ही दृष्टी तेराव्या-चौदाव्या शतकातील मानली तर तिचे महत्त्व विशेषच वाटेल.

याच दृष्टीला शास्त्रीय पूर्णता आली ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत. १९१९ मध्ये आरंभ झालेले, १९२५ पासून वि. सी. सुकथनकर यांच्या संपादनाखाली पद्धतशीर झालेले हे काम १९६६ मध्ये पूर्णतेला गेले. सुकथनकरांनी प्रक्षिप्त ठरवलेले श्लोक संहितेतून काढले, परंतु फेकले नाहीत. लहान उतारे तारांकित क्रमांकाने तळटीपेत गेले, मोठे परिशिष्टात गेले, आणि ज्या शब्दाविषयी संपादकालाच खात्री नव्हती त्याखाली नागमोडी रेघ आली. ज्याला सुकथनकरांचा निर्णय अमान्य असेल तो त्याच ग्रंथाच्या आधारे तो निर्णय फिरवू शकतो. येथे पुसण्याचे झाकणे झाले, आणि झाकण्याची खूणही वर ठेवली गेली.

४

आता प्रत्यक्ष प्रणालींकडे वळू. अशा साधनांचा इतिहास बेल प्रयोगशाळेत १९७२ मध्ये मार्क रॉकिंड यांनी रचलेल्या एससीसीएसपर्यंत मागे जातो. आज सर्वाधिक प्रचलित असलेली गिट ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये सुरू केली.

गिटच्या पोटात डोकावले असता एक आश्चर्य दिसते. तेथे एकदा केलेली नोंद, जिला कमिट म्हणतात, ती बदलत नाही. तिच्या आशयावरून काढलेला चाळीस अंकाक्षरांचा संकेत हेच तिचे नाव असते. आशय बदलला की नाव बदलते, म्हणजे ती दुसरीच नोंद होते. शाखा म्हणजे अशा एका नोंदीकडे दाखवणारे केवळ बोट. इतिहास नव्याने लिहिणाऱ्या ज्या आज्ञांना लोक भितात त्या वस्तुत: जुन्या नोंदी पुसत नाहीत, बोट तेवढे दुसरीकडे वळवतात. जुनी नोंद झाकली जाते. तिच्याकडे परत जाण्यासाठी गिट एक रोजनिशीही ठेवते, तिला रिफ्लॉग असे नाव आहे. बोट केव्हा कोठे होते हे तीत लिहिलेले असते.

इतक्यावरून गिट निकषाला उतरते असे वाटेल. परंतु तिच्यात तीन दोष आहेत.

पहिला दोष मुदतीचा. रिफ्लॉगमधील नोंदी सामान्यत: नव्वद दिवसांनी, आणि ज्या नोंदींकडे कोणतीही शाखा पोचत नाही त्या तीस दिवसांनी बाद होतात, नंतर साफसफाईच्या वेळी त्या खरोखरीच नष्ट होतात. झाकणे कालांतराने गुपचूप पुसणे बनते.

दुसरा दोष व्याप्तीचा. रिफ्लॉग त्या एका संगणकापुरती असते. प्रत घेणाऱ्याकडे ती जात नाही. शाखा काढून टाकली तर त्या शाखेची रोजनिशीही जाते. शिवाय तीत बोटाच्या हालचाली आहेत, कर्त्याच्या क्रियांची संपूर्ण हकीकत नाही.

तिसरा दोष सर्वांत गंभीर, आणि तो शब्दांचा आहे. 'रीसेट' ही एकच आज्ञा सौम्य, मिश्र व कठोर अशा तीन रूपांनी येते. सौम्य रूप बोट हलवते. कठोर रूप बोट हलवतेच, त्याखेरीज नोंद न झालेले चालू काम कोणताही प्रश्न न विचारता घालवते, आणि त्याचा मागमूस रिफ्लॉगमध्ये नसतो. समजा, वसई परिसरातील सामवेदी बोलीचे, जिला कादोडी असेही म्हणतात, शब्द जमवणाऱ्या एखाद्या संशोधकाने सकाळपासून दोनशे शब्दांचे उच्चार व अर्थ लिहिले, आणि कालच्या नोंदीतील एक चूक काढण्यासाठी कठोर रीसेट केले. कालची चूक परत मिळेल. ती झाकली गेली आहे. आजचे दोनशे शब्द मिळणार नाहीत. ते पुसले गेले आहेत. ज्याची अधिक किंमत तेच गेले, आणि दोन्ही क्रिया एकाच शब्दाने झाल्या. पूर्वी 'चेकआउट' या आज्ञेतही शाखा बदलणे आणि फाइलीतील बदल टाकून देणे अशी दोन निराळी कामे कोंबलेली होती. २०१९ मध्ये ती 'स्विच' व 'रिस्टोअर' अशा दोन शब्दांत विभागून देण्यात आली. ही सुधारणा यंत्राची नसून शब्दसंग्रहाची होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

यावर एक उपाय नेहमी सुचवला जातो: विनाशक आज्ञेपूर्वी 'खात्री आहे काय?' असे विचारावे. हा उपाय अपुरा आहे. प्रश्न वारंवार विचारला गेला की उत्तर सवयीने दिले जाते, आणि ज्या क्षणी माणूस चुकतो त्या क्षणी त्याला आपली खात्रीच वाटत असते. चुकीची जाणीव क्रियेनंतर होते. म्हणून तिचा इलाजही क्रियेनंतर उपलब्ध असला पाहिजे.

५

गिटच्याच वर्षी निघालेल्या मर्क्युरिअल या प्रणालीत 'रोलबॅक' नावाची आज्ञा होती. ती शेवटचा व्यवहार मागे घेई. परंतु ती एकच पायरी मागे जाई, आणि तिने घेतलेली माघार पुन्हा मागे घेता येत नसे. म्हणजे विनाशावरचा उपाय स्वत:च विनाशक होता. ही आज्ञा पुढे त्याज्य ठरवण्यात आली आणि मर्क्युरिअलने दुसरी दिशा धरली. प्रसिद्ध झालेल्या नोंदी व खाजगी मसुदे यांत भेद करण्यात आला. प्रसिद्ध नोंद सहजासहजी फिरवता येत नाही; मसुद्यात फेरफार झाला तर जुनी नोंद पुसली जात नाही, ती अमुक नोंदीने कालबाह्य केली अशी खूण तिच्यावर ठेवण्याची योजना विकसित करण्यात आली. सुकथनकरांच्या तारांकित उताऱ्यांशी या खुणेचे साम्य उघड आहे.

मार्टिन फॉन झ्वाइगबर्क यांनी २०१९ मध्ये आरंभलेली जुजुत्सू ही प्रणाली याहून पुढे जाते. तिची दोन वैशिष्ट्ये येथे महत्त्वाची आहेत. एक, चालू काम हीसुद्धा नोंदच मानली जाते. बहुतेक प्रत्येक आज्ञेच्या आरंभी त्याची अवस्था आपोआप टिपली जाते. वरील उदाहरणातील दोनशे शब्द येथे वाचले असते. दुसरे, प्रणाली मजकुराच्या अवस्थांबरोबर क्रियांचीही वही ठेवते. कोणती आज्ञा दिली, तिच्या आधी सर्व शाखा कोठे होत्या, नंतर कोठे गेल्या, हे तीत असते. 'अन्‌डू' ही आज्ञा त्या वहीत मागची अवस्था पुन्हा लागू करते, आणि असे करणे हीसुद्धा एक क्रिया म्हणून त्याच वहीत उतरते. माघारीचीही माघार घेता येते.

येथे 'पूर्ववत' या मराठी शब्दाची उणीव स्पष्ट होते. मजकूर पूर्ववत होतो; वही पूर्ववत होत नाही, ती वाढते. चूक, चुकीची दुरुस्ती आणि दुरुस्तीचा फेरविचार हे तिन्ही शिल्लक राहतात. महानुभावांनी 'वासना' नोंदवताना जे केले त्याच्याशी ही रीत जवळची आहे. एकनाथांच्या शुद्ध प्रतीशी नाही.

अर्थात या प्रणालीलाही सीमा आहेत. ज्या फाइली दुर्लक्षित म्हणून वगळल्या आहेत त्या टिपल्या जात नाहीत. दोन आज्ञांच्या दरम्यान लिहून खोडलेले वाक्य तिला ठाऊक नसते. आणि एकदा दुसऱ्याच्या संगणकावर पोचलेला मजकूर येथल्या वहीने परत येत नाही. बोललेला शब्द मागे घेता येत नाही हे व्यवहारातले सत्य येथेही लागू पडते. शिवाय वही ज्या तबकडीवर आहे ती तबकडीच गेली तर वहीही जाते. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन तेथील ग्रंथ व पोथ्यांची नासधूस झाली, ही घटना या संदर्भात विसरता येत नाही. एका जागी ठेवलेली स्मृती कितीही काटेकोर असली तरी ती एकाच जागी असते. सोपाऱ्याला जे वाचवले ते गिरनारने व कालसीने. म्हणून क्रियांची वही आणि अनेक ठिकाणच्या प्रती यांपैकी एक असली म्हणजे दुसरीची गरज संपते, असे मानू नये.

६

या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो क्षुल्लक नाही. काही गोष्टी खरोखर पुसल्या गेल्याच पाहिजेत. बोलीच्या मुलाखतीत एखाद्या वृद्धेने घरातील कलहाची हकीकत विश्वासाने सांगितली आणि पुढे ती काढून टाकावी अशी इच्छा व्यक्त केली, तर ती केवळ झाकून ठेवणे हा विश्वासघात होय. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही व्यक्तीला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा अधिकार मान्य केला आहे. जी प्रणाली काहीच विसरत नाही ती अशा वेळी संशोधकाला अपराधी बनवते.

आक्षेप खरा आहे. परंतु त्याने निकष ढासळत नाही, उलट अधिक स्पष्ट होतो. मागणी अशी नाही की पुसण्याची क्रिया भाषेतून हद्दपार व्हावी. मागणी एवढीच की ती झाकण्याच्या नावाखाली होऊ नये, आणि झाकण्याची क्रिया पुसण्याच्या नावाखाली होऊ नये. ज्याला झाकायचे आहे त्याच्या हातून पुसले जाणे ही हानी. ज्याला पुसायचे आहे त्याच्या हातून नुसते झाकले जाणे ही फसवणूक. फॉसिल नावाच्या प्रणालीने हा विवेक दाखवला आहे. तिच्यात नोंदी सामान्यत: कायम असतात, आणि अपवादात्मक नाशासाठी 'शन' म्हणजे बहिष्कार असे निराळे नाव व निराळी पद्धत आहे. बहिष्कृत नोंद जाते, पण काहीतरी बहिष्कृत केले एवढी खूण यादीत उरते. लिप्यंतराच्या पानावर 'येथील मजकूर सांगणाराच्या इच्छेवरून काढला' असे लिहिणारा संपादक हेच करीत असतो.

एवंच, विनाशक क्रिया मागे घेता येण्यासाठी तीन गोष्टींची आवश्यकता दिसते: अवस्थांबरोबर क्रियांचीही नोंद, त्या नोंदीच्या एकाहून अधिक ठिकाणी प्रती, आणि झाकणे व पुसणे यांसाठी स्पष्टपणे वेगळे शब्द. पहिली गोष्ट नव्या प्रणालींनी बऱ्याच अंशी साधली आहे. दुसरी वापरणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून आहे. तिसरी अद्याप अपुरी आहे, आणि तेथे भाषेच्या अभ्यासकाला काम आहे. या आज्ञांना मराठी पर्याय घडवण्याची वेळ येईल तेव्हा 'रीसेट', 'रिव्हर्ट', 'रिस्टोअर' या सर्वांना सरसकट 'पूर्ववत करा' म्हणणे सोयीचे वाटेल. परंतु तसे केले तर इंग्रजीतील संदिग्धता मराठीत दुपटीने येईल. ज्या भाषेत झाकण्याला उघडणे आहे आणि पुसण्याला काहीच नाही, तिने हा भेद वापरणाऱ्याच्या ध्यानी आणून द्यावा, हे उचित होय.